वायू दाबताना कार्य, उष्णता आणि आंतरिक ऊर्जा : उत्तर वारंवार का चुकते आणि चूक कुठे शोधावी

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रातले चौथे प्रकरण उष्मागतिकीचे आहे आणि रसायनशास्त्रातले चौथे प्रकरणही उष्मागतिकीचेच आहे. त्यामुळे तोच वायू, तेच नळकांडे आणि तोच दट्ट्या विद्यार्थ्याला एकाच वर्षात दोन शिक्षकांकडून, दोन वेगळ्या चिन्हपद्धतींत आणि दोन वेगळ्या एककांत भेटतो. सूत्रे पाठ होतात, पण वायू दाबण्याचे गणित समोर आले की उत्तर कधी चिन्हाने चुकते, कधी शंभर पटींनी, आणि कधी असे चुकते की ते चुकले आहे हेच लक्षात येत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातही हाच घोळ चालू राहतो, फक्त तिथे नळकांड्याच्या जागी कॉम्प्रेसर येतो. सूत्र आठवले नाही म्हणून असे गणित चुकल्याचे क्वचितच दिसते; सूत्र कोणत्या परिस्थितीसाठी आणि कोणाच्या बाजूने लिहिले आहे हे न ठरवता आकडे घातल्यामुळे ते चुकते.

चूक शोधण्यासाठी एकच उदाहरण हाताशी ठेवू. १ मोल नायट्रोजन, तापमान ३०० केल्विन, दाब १ बार. आदर्श वायूच्या समीकरणाने त्याचे आकारमान २४.९४ लिटर येते. हा वायू दट्ट्याने पाचव्या हिश्शापर्यंत, म्हणजे ४.९९ लिटरपर्यंत, दाबायचा आहे. तापमान स्थिर राहील इतक्या सावकाश दाबला, तर वायूवर ४०१४ जूल कार्य होते, आंतरिक ऊर्जा बदलत नाही आणि ४०१४ जूल उष्णता बाहेर जाते. उष्णतेला बाहेर पडू न देता दाबला, तर तापमान ५७१ केल्विनपर्यंत चढते, दाब ९.५ बार होतो, वायूवर ५६३५ जूल कार्य होते आणि ते सगळे आंतरिक ऊर्जेत जमा होते. हे आकडे वहीच्या समासात लिहून ठेवावेत, कारण पुढे सांगितलेली प्रत्येक चूक त्यांनाच बिघडवून दाखवली आहे.

आकडा बरोबर, चिन्ह उलटे

सर्वांत जास्त तक्रारी या प्रकारच्या असतात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पहिला नियम असा लिहिलेला असतो :

आंतरिक ऊर्जेतील बदल = वायूला मिळालेली उष्णता − वायूने केलेले कार्य

रसायनशास्त्राच्या पुस्तकात तोच नियम असा असतो :

आंतरिक ऊर्जेतील बदल = वायूला मिळालेली उष्णता + वायूवर झालेले कार्य

दोन्ही बरोबर आहेत. पहिली मांडणी क्लॉसियस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाच्या परंपरेतली आहे. त्याने हा नियम १८५० मध्ये मांडला तेव्हा डोळ्यांसमोर वाफेचे इंजिन होते, आणि इंजिनाच्या मालकाला आत किती उष्णता घातली आणि बाहेर किती काम मिळाले एवढ्याशीच मतलब असतो. म्हणून आत जाणारी उष्णता धन आणि बाहेर येणारे कार्य धन. रसायनशास्त्राने पुढे सरसकट एकच शिस्त लावली, की प्रणालीत जे येईल ते धन आणि प्रणालीतून जे जाईल ते ऋण. वायू दाबला जात असताना वायूने केलेले कार्य ऋण असते आणि वायूवर झालेले कार्य तेवढेच धन असते. कार्यासाठी दोन्ही पुस्तकांत इंग्रजीतले एकच अक्षर वापरले जाते, आणि सगळा गोंधळ त्या एका अक्षराच्या पोटात दडलेला असतो.

घोळ होतो तो दोन्ही मांडण्या एकाच गणितात मिसळल्या की. समजा एखाद्याने रसायनशास्त्राच्या सूत्राने कार्य काढले, ते +४०१४ जूल आले, आणि तो आकडा त्याने भौतिकशास्त्राच्या समीकरणात घातला. तापमान स्थिर असल्याने आंतरिक ऊर्जेतील बदल शून्य, म्हणून उष्णता = ० + ४०१४, म्हणजे +४०१४ जूल. या उत्तराचा अर्थ असा होतो, की वायूला बाहेरून दाबून ऊर्जा दिली, वरून त्याने आणखी ४०१४ जूल उष्णताही घेतली, आणि इतके सगळे पोटात घेऊनही तो तसूभर तापला नाही. ॲडियाबॅटिक, म्हणजे उष्णता आत-बाहेर होऊ न देणाऱ्या, प्रक्रियेत हीच सरमिसळ केली तर आंतरिक ऊर्जा ५६३५ जुलांनी कमी झाल्याचे उत्तर येते आणि तापमान ५७१ ऐवजी २९ केल्विन निघते. दाबल्यामुळे नायट्रोजन गोठून गेला असे सांगणारे हे उत्तर वहीत दुहेरी रेघ मारून अधोरेखित केलेले अनेकदा पाहायला मिळते.

यावर उपाय सोपा आहे, आणि तो पाळायला थोडा चिकटपणा लागतो. गणिताच्या पहिल्याच ओळीत अक्षर न लिहिता पूर्ण शब्द लिहावेत : ‘वायूवर झालेले कार्य’ किंवा ‘वायूने केलेले कार्य’. त्यानंतरच सूत्र निवडावे. पडताळणीसाठी एक गोष्ट कायम लक्षात असू द्यावी, की पद्धत बदलल्याने फक्त कार्याचे चिन्ह बदलते. उष्णतेचे आणि आंतरिक ऊर्जेतील बदलाचे चिन्ह दोन्ही पुस्तकांत सारखेच येते. दोन पद्धतींनी काढलेल्या उष्णतेची चिन्हे वेगळी आली, तर एका ठिकाणी सरमिसळ झालेली आहे हे नक्की समजावे.

दाब आणि आकारमानाच्या आलेखावरून कार्य काढताना हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने येतो. वक्राखालचे क्षेत्रफळ मोजले की आकडा मिळतो, पण बाण उजवीकडून डावीकडे जात असेल तर वायूने केलेले कार्य ऋण असते. क्षेत्रफळ नेहमी धन असते म्हणून कार्यही धन लिहून मोकळे होणारे बरेच जण असतात.

आधी काय काढायचे

तीन राशींपैकी कोणती आधी काढायची याचा क्रम चुकला, की गणित विनाकारण लांबते आणि वाटेत चुका होतात. आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा केवळ तापमानावर अवलंबून असते. दाब कितीही वाढो, आकारमान कितीही घटो, सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान कळले की आंतरिक ऊर्जेतील बदल कळला :

आंतरिक ऊर्जेतील बदल = मोलसंख्या × स्थिर आकारमानावरील मोलर विशिष्ट उष्णता × तापमानातील बदल

हे सूत्र प्रत्येक प्रक्रियेला लागू पडते, आकारमान बदलत असले तरीही. ‘स्थिर आकारमानावरील’ हे शब्द वाचून पुष्कळ जण बिचकतात आणि दाब स्थिर असलेल्या प्रक्रियेत इथे दुसरी, म्हणजे स्थिर दाबावरील, विशिष्ट उष्णता घालतात. तसे करू नये. ते नाव ती राशी ज्या प्रयोगात मोजली त्या प्रयोगाचे आहे. ती वापरण्यावरची अट म्हणून ते वाचू नये.

म्हणून आधी आंतरिक ऊर्जा, मग कार्य, आणि उष्णता सर्वांत शेवटी, वजाबाकीने. कार्य मार्गावर अवलंबून असल्याने त्यासाठी प्रक्रिया ओळखावी लागते. उष्णता थेट काढण्याचा मोह टाळावा. स्थिर दाबाची किंवा स्थिर आकारमानाची प्रक्रिया असेल तरच ती थेट काढता येते, आणि तेव्हाही ती पडताळणीसाठी राखून ठेवलेली बरी.

याच क्रमाने एक उदाहरण करून पाहावे, कारण त्यात एक रूढ गैरसमज उघडा पडतो. आपलाच वायू १ बार या स्थिर दाबाखाली थंड करत निम्म्या आकारमानावर आणला. दाब स्थिर, आकारमान निम्मे, म्हणून तापमानही निम्मे, म्हणजे १५० केल्विन. आंतरिक ऊर्जेतील बदल १ × २०.७९ × (−१५०), म्हणजे −३११८ जूल. वायूवर झालेले कार्य १ बार × १२.४७ लिटर, म्हणजे +१२४७ जूल. उष्णता = −३११८ − १२४७, म्हणजे −४३६५ जूल. आता स्थिर दाबावरील विशिष्ट उष्णतेने पडताळले तर २९.१० × (−१५०) हे तेवढेच येते. वायू दाबला गेला, त्याच्यावर कार्यही झाले, आणि तरी त्याची आंतरिक ऊर्जा घटली. ‘दाबले की आंतरिक ऊर्जा वाढते’ हे वाक्य पाठ करून ठेवलेल्यांचे उत्तर इथे हमखास चुकते. किती ऊर्जा आली यासोबत किती गेली हेही पाहावे लागते. (याच मार्गाने पाचव्या हिश्शापर्यंत जायचे म्हटले तर कागदावर ६० केल्विन तापमान येते, पण १ बार दाबाखाली नायट्रोजनचा ७७ केल्विनलाच द्रव होतो. गणित मात्र निमूटपणे पुढे जाते, म्हणून अशा आकड्यांकडे एकदा पाहून घ्यावे.)

‘अचानक दाबला’ म्हणजे नेमके काय

ही चूक सर्वांत अवघड आहे, कारण तिच्यात चिन्ह बरोबर असते, एकके बरोबर असतात, सूत्रही पुस्तकातलेच असते. प्रश्नपत्रिकेत ‘वायू अचानक दाबला’ असे म्हटलेले असते आणि त्यातून दोन अगदी वेगळे अर्थ निघू शकतात.

भौतिकशास्त्रात ‘अचानक’चा अर्थ असा घेतात, की उष्णतेला भिंतीतून बाहेर पडायला वेळ मिळाला नाही. म्हणजे प्रक्रिया ॲडियाबॅटिक, आणि तापमान × आकारमानाचा (गॅमा − १) वा घात स्थिर, हे सूत्र लागू. (गॅमा म्हणजे वायूच्या स्थिर दाबावरील आणि स्थिर आकारमानावरील विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर.) पण हे सूत्र वापरताना आणखी एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते, की दट्ट्या सरकत असताना वायूच्या आतला दाब प्रत्येक क्षणी सगळीकडे सारखा आहे आणि बाहेरचा दाब त्याच्याहून नाममात्रच जास्त आहे. म्हणजे प्रक्रिया उष्णतेच्या मानाने जलद, पण दाबाच्या मानाने संथ हवी. या दोन्ही अटी एकदम पाळता येतात का, अशी शंका रास्त आहे. येतात, कारण दाबातला फरक वायूत ध्वनीच्या वेगाने पसरतो, हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर. उष्णता मात्र हवेतून फार रेंगाळत जाते. सायकलच्या पंपाचा दांडा कितीही जोरात मारला तरी त्याचा वेग ध्वनीच्या वेगाच्या जवळपासही जात नाही, म्हणून आतला दाब सतत समतोलात राहतो आणि उष्णता मात्र अडकून पडते. खुद्द ध्वनीच्या बाबतीतही हाच प्रश्न आला होता. ध्वनिलहरीत हवा दाबली आणि सैल होते तेव्हा तापमान स्थिर राहते असे मानून न्यूटनने वेग काढला, तो खऱ्या वेगाहून सुमारे १५ टक्क्यांनी कमी आला; लाप्लासने ती प्रक्रिया ॲडियाबॅटिक धरली आणि उत्तर जुळले. वायू दाबताना प्रक्रिया चुकीची ओळखली तर किती फरक पडतो याचे याहून जुने उदाहरण शोधायला नको.

रसायनशास्त्रात ‘अचानक’चा अर्थ बहुधा वेगळा असतो : दट्ट्यावर एकदम मोठे वजन ठेवले, बाहेरचा दाब एका क्षणात ५ बार झाला आणि तो दाब शेवटपर्यंत तसाच राहिला. आतला दाब सुरुवातीला १ बार असतो, म्हणजे समतोल पहिल्याच क्षणी मोडलेला आहे. इथे कार्य काढताना आतला दाब विचारात घ्यायचाच नाही. बाहेरचा स्थिर दाब × आकारमानातील घट एवढेच करायचे.

दोन अर्थांत फरक किती पडतो, ते आपल्या उदाहरणावर पाहू. शेवटचा दाब ५ बार हवा आहे आणि उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही. गॅमाच्या सूत्राने, म्हणजे हळुवार समतोल राखत गेलेल्या मार्गाने, शेवटचे तापमान ४७५ केल्विन येते आणि वायूवर झालेले कार्य ३६४० जूल. एकदम वजन ठेवले असेल तर गॅमाचे सूत्र गुंडाळून ठेवावे आणि सरळ पहिला नियम लिहावा : २.५ × आर × (शेवटचे तापमान − ३००) = ५ बार × (सुरुवातीचे आकारमान − शेवटचे आकारमान). इथे आर म्हणजे वायू स्थिरांक, आणि २.५ × आर ही नायट्रोजनची स्थिर आकारमानावरील मोलर विशिष्ट उष्णता. शेवटचे आकारमान हे आर × शेवटचे तापमान ÷ ५ बार असते. ते उजवीकडे घातले की दाब आणि आकारमान दोन्ही निघून जातात आणि उरते ते एवढेच : ३.५ × शेवटचे तापमान = ७५० + १५००, म्हणजे ६४३ केल्विन. कार्य आणि आंतरिक ऊर्जेतील वाढ दोन्ही ७१२६ जूल. सुरुवात तीच, शेवटचा दाब तोच, दोन्हींत उष्णता शून्य, आणि तरी कार्य जवळजवळ दुप्पट. शेवटचे आकारमानही वेगळे येते : एकदम वजन ठेवल्यास १०.७ लिटर, संथ मार्गाने ७.९ लिटर.

तापमान स्थिर असतानाही हा फरक असतोच. ५ बारचा दाब एकदम लादून वायू पाचव्या हिश्शापर्यंत आणला आणि शेवटी तो पुन्हा ३०० केल्विनवर आला, तर कार्य ५ बार × १९.९५ लिटर, म्हणजे सुमारे ९९७७ जूल होते. संथ मार्गाने हेच ४०१४ होते. आंतरिक ऊर्जेतील बदल दोन्ही वेळा शून्य, म्हणून जादा लागलेले कार्य सगळेच्या सगळे उष्णता होऊन बाहेर पडते. दाबण्याच्या बाबतीत संथ मार्गाला सर्वांत कमी कार्य लागते, ही पडताळणीची चांगली खूण आहे. एकदम दाबल्याचे उत्तर संथ मार्गाच्या उत्तराहून कमी आले, तर कुठेतरी सुरुवातीचा दाब बाहेरचा दाब म्हणून घातलेला असतो.

प्रश्नात लॉगॅरिदमचे सूत्र (स्थिर तापमानावरचे कार्य = मोलसंख्या × आर × तापमान × आकारमानांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम) वापरायचे की ‘दाब × आकारमानातील फरक’ हे, याचा निर्णय म्हणून शब्दांवरून करावा. ‘स्थिर बाह्य दाबाविरुद्ध’, ‘एकाच टप्प्यात’, ‘वजन ठेवले’ असे काही असेल तर बाहेरचा दाब वापरावा. ‘रिव्हर्सिबल’, ‘अत्यंत सावकाश’ किंवा, वायू प्रसरण पावत असताना, ‘जास्तीत जास्त कार्य’ असे असेल तर लॉगॅरिदम. भौतिकशास्त्राच्या पेपरात नुसते ‘अचानक’ असेल तर गॅमा. भाषा संदिग्ध असेल तर आपण कोणता अर्थ घेतला ते एका वाक्यात लिहून पुढे जावे.

पंप तापतो तो घर्षणामुळेच, असे अनेकांना वाटते, आणि मग ॲडियाबॅटिक प्रक्रियेवरच त्यांचा विश्वास बसत नाही. पंपाला हात लावून पाहावे : नळी जोडलेले टोक, जिथे हवा सर्वाधिक दाबली जाते, ते चटका बसेल इतके तापते, तर दट्ट्या ज्या भागात तितकाच घासत जातो तो वरचा भाग त्या मानाने थंड असतो.

गॅमा कोणाचा, घातांक कोणाचा

हवा, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचे रेणू द्विअणुक आहेत. त्यांची स्थिर आकारमानावरील विशिष्ट उष्णता २.५ × आर, म्हणजे मोलमागे २०.७९, आणि गॅमा १.४. हेलियम आणि आरगॉन एकाणुक, त्यांच्यासाठी १२.४७ आणि १.६७. सवयीने १.५ × आर लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यातही अर्धवट चूक जास्त फसवी असते, म्हणजे तापमान काढताना गॅमा १.४ घ्यायचा आणि आंतरिक ऊर्जा काढताना १.५ × आर. तेव्हा आपल्या उदाहरणात ५६३५ ऐवजी ३३८१ जूल येतात. ही चूक पकडण्यासाठी कार्य दुसऱ्या वाटेने काढावे : (शेवटचा दाब × शेवटचे आकारमान − सुरुवातीचा दाब × सुरुवातीचे आकारमान) ÷ (गॅमा − १). ॲडियाबॅटिक प्रक्रियेत दोन्ही आकडे तंतोतंत जुळायलाच हवेत.

अभियांत्रिकीच्या गणितांत प्रक्रिया ना पूर्ण आयसोथर्मल (स्थिर तापमानाची) असते ना पूर्ण ॲडियाबॅटिक, तिथे १.३ सारखा पॉलिट्रॉपिक घातांक दिलेला असतो, म्हणजे दाब × आकारमानाचा तितकावा घात स्थिर राहतो. इथे एक भेद पाळला नाही की उत्तर नक्की चुकते. घातांक मार्गाचा गुणधर्म आहे, गॅमा वायूचा. तापमान आणि कार्य काढताना १.३ वापरावा, आंतरिक ऊर्जा काढताना वायूची स्वतःची विशिष्ट उष्णता, जिच्यात १.४ दडलेला आहे. आपला नायट्रोजन १.३ घातांकाने पाचव्या हिश्शावर आणला तर तापमान ४८६ केल्विन, वायूवर झालेले कार्य ५१६० जूल, आंतरिक ऊर्जेतील वाढ ३८७० जूल, आणि म्हणून १२९० जूल उष्णता बाहेर. सगळीकडे १.३ घातला तर उष्णता शून्य येते आणि विद्यार्थी ‘म्हणजे ही ॲडियाबॅटिक निघाली’ असे समाधानाने लिहून टाकतो.

एकके आणि मोजमाप

इथे फारसे समजून घेण्यासारखे नाही, पण गुण मात्र इथेच जातात. १ डेसिमीटरघन × १ बार म्हणजे १०० जूल. १ लिटर × १ ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१.३ जूल. रसायनशास्त्रात ५ बार × १९.९५ डेसिमीटरघन असे करून उत्तर ९९.८ आले आणि त्यापुढे थेट ‘जूल’ लिहिले, तर शंभर पटींची चूक झाली. लॉगॅरिदमच्या टेबलातून १० पायाचा लॉगॅरिदम घेतला असेल तर २.३०३ ने गुणायचे. कॅल्क्युलेटरवर नैसर्गिक लॉगॅरिदमचे बटण दाबले असेल तर गुणायचे नाही. ४०१४ च्या जागी १७४३ किंवा ९२४५ आले तर यांपैकी काय घडले ते लगेच कळते.

तापमान सेल्सिअसमध्ये ठेवण्याची चूक अधिक कपटी आहे. ३०० केल्विन म्हणजे २७ अंश सेल्सिअस. ॲडियाबॅटिक सूत्रात २७ घातले तर ५१ अंश उत्तर येते. पंप हाताला गरम लागतो हे माहीत असल्यामुळे ५१ हा आकडा अगदी पटण्यासारखा वाटतो, आणि कोणी तो तपासत नाही. खरे उत्तर २९८ अंश सेल्सिअस आहे.

प्रत्यक्ष मोजमापावर आधारलेल्या गणितात मापकाचा दाब आणि निरपेक्ष दाब यांतला फरकही विसरू नये. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचा काटा ४ बार दाखवत असतो तेव्हा आतला निरपेक्ष दाब सुमारे ५ बार असतो, कारण काटा वातावरणीय दाबाच्या वरचा दाबच मोजतो. लॉगॅरिदमच्या सूत्रात दाबांचे गुणोत्तर ४ घेतले तर ४०१४ ऐवजी ३४५८ जूल मिळतात.

कॉम्प्रेसरचे उत्तर १.४ पट का येते

नळकांड्यात कोंडलेला वायू दाबणे आणि वाहता वायू कॉम्प्रेसरमधून जाणे, ही दोन वेगळी गणिते आहेत. कॉम्प्रेसर १ बारची हवा आत ओढतो, दाबतो आणि ५ बारच्या टाकीत ढकलतो. आत येताना बाहेरची हवा स्वतःच ढकलत येते, म्हणून तेवढे कार्य फुकट मिळते; टाकीत घालताना ५ बारच्या दाबाविरुद्ध ढकलावे लागते, म्हणून तेवढे जादा लागते. या दोन्हींची बेरीज-वजाबाकी केली की मोटरला द्यावे लागणारे कार्य आंतरिक ऊर्जेतील वाढीइतके न राहता एन्थाल्पीतील, म्हणजे ‘आंतरिक ऊर्जा + दाब × आकारमान’ या राशीतील, वाढीइतके होते. उष्णता अडवून, संथ मार्गाने १ वरून ५ बारपर्यंत नेताना कोंडलेल्या वायूवर मोलमागे ३६४० जूल कार्य होते, तर कॉम्प्रेसरला त्याच हवेच्या मोलमागे ५०९६ जूल लागतात. गुणोत्तर बरोबर गॅमाइतके, १.४. पुस्तकाच्या उत्तरात आणि आपल्या उत्तरात नेमका गॅमाचा किंवा दिलेल्या घातांकाचा फरक दिसला, तर आकडेमोड पुन्हा करत बसू नये. प्रणाली कोणती धरली ते पाहावे. गंमत म्हणजे तापमान स्थिर असेल तर दोन्ही गणितांचे उत्तर सारखेच येते, त्यामुळे आयसोथर्मल उदाहरणांवर सराव केलेल्याला हा फरक कळतच नाही आणि ॲडियाबॅटिक गणितात तो अडखळतो.

कोंडलेल्या वायूच्या बाबतीतही ‘दट्ट्या दाबणाऱ्याने किती कार्य केले’ असे विचारले असेल तर सावध राहावे. दट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला वातावरण असते आणि तेही आत ढकलत असते. आपल्या उदाहरणातल्या ५६३५ जुलांपैकी सुमारे १९९५ जूल, म्हणजे १ बार × १९.९५ लिटर, वातावरण करते. हाताला उरलेलेच करावे लागते. वायूवर झालेले एकूण कार्य विचारले असेल तर मात्र ही वजाबाकी करायची नाही.

हे सगळे तपासूनही उत्तर एक-दोन टक्क्यांनीच वेगळे येत असेल, तर चूक शोधण्यात वेळ घालवू नये. १ ॲटमॉस्फिअर आणि १ बार यांत १.३ टक्क्यांचा फरक आहे. आर कुठे ८.३१४ तर कुठे ८.३ घेतलेला असतो. २७ अंश सेल्सिअस कोणी ३०० केल्विन धरतो, कोणी ३००.१५. बहुपर्यायी प्रश्नात जवळचा पर्याय निवडावा, आणि लेखी पेपरात आपण घेतलेली किंमत एकदा स्पष्ट लिहावी.